निम्मी बडगी

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो आणि वास आला. आधी कपाशीच्या काड्या पेटल्याचा आणि त्यामागून, जरा दमानं, वांग्याचं साल करपल्याचा. खानदेशी माणूस हा वास आला की पहिल्यांदा वाऱ्याची दिशा बघतो, मग भरीत पार्टी कोणाकडे असेल याचा अंदाज घेतो, आणि मग आपल्याला बोलावणं होतं का ते आठवतो. मी तिसऱ्या पायरीवर अडलो. धूर शेजारच्याच गच्चीवरून येत होता. मध्ये कमरेएवढा कठडा, दुसरं काही नाही. जळगावच्या मेहरूणमध्ये जन्म काढला, आणि त्या घरच्या धुराला आपलं बोलावणं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं.

कपडे घेऊन खाली आलो. शर्टांना वास लागलाच होता. बायको म्हणाली, "पुन्हा धुवायचे का?" मी म्हणालो, राहू दे.

चूक माझी होती. निदान साठ टक्के माझी. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन आहे. हे पद मी मागितलं नव्हतं. नळाला पाणी कधी येणार ते सगळ्यांना कळावं म्हणून एका भाच्यानं ग्रुप काढला, मग तो पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना किल्ल्या माझ्या हातात ठेवून गेला. पाणी, वीज, हरवलेली मांजर, कोणाच्या वडिलांची अंत्ययात्रा किती वाजता निघणार. एवढ्यावर ग्रुप छान चालला होता. २०२४च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. २० तारखेला मतदान झालं, २३ला निकाल होता. मधले दोन दिवस फार वाईट. माणसाला करायला काही उरत नाही आणि बोलायला फार असतं.

२१च्या रात्री मी लिहिलं की दीड हजारात मतं विकत मिळतात, मग विचाराला कोण विचारतो. मला वाटलं, मी सरकारबद्दल बोलतोय. ग्रुपमध्ये साठेक माणसं, त्यातल्या निम्म्या बाया, आणि त्यातल्या बहुतेकींच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे पाच हप्ते जमा झालेले. माझ्या सख्ख्या बहिणीच्याही. हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही एवढंच. शेजारच्या वहिनींनी त्याच पैशांतून नळाची मोटर दुरुस्त करून घेतली होती. त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे शेजारच्या नानांच्या धाकट्या मुलानं, दोन मिनिटांत उत्तर टाकलं: माझ्या घरची बाई विकली गेली असं म्हणायचं आहे का? मी खुलासा केला. खुलासा लांबला. लांबलेला खुलासा ग्रुपवर नेहमी भाषणासारखा दिसतो. मग त्यानं लिहिलं की मास्तरांनी गावाची पोरं शिकवली, घरचं तेवढं राहून गेलं.

मास्तर म्हणजे माझे वडील, दादा. मी अंगठा दाबून धरला, त्याच्या नावावर नेला आणि त्याला काढून टाकलं. वर आणखी एक बटण दाबलं: यापुढे फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकेल. मग दिवा मालवून झोपलो. झोप लागली हे विशेष.

दोन दिवसांनी पाण्याची वेळ बदलली. ग्रुपवर मी ती टाकली. शेजाऱ्यांना ती कळली नाही आणि त्यांची टाकी कोरडी राहिली. माझ्या बायकोनं मागच्या भिंतीवरून वहिनींना हाक मारली तेव्हा नळ जायला दहा मिनिटं उरली होती. त्या भिंतीवरच्या ग्रुपला ॲडमिन नाही, त्यामुळे तो अजून सुरू आहे.

आता १९८०ची गोष्ट. ती मी वेगवेगळ्या ठिकाणी इतक्यांदा सांगितली आहे की तिच्यात माझी भर किती आणि खरं किती हे आता मलाही वेगळं काढता येणार नाही. पण हात मला पक्का आठवतो.

लोकसभेचं मतदान ३ आणि ६ जानेवारीला झालं होतं. ७च्या रात्री निकाल येत होते. मी तेरा वर्षांचा. आमच्या आणि नानांच्या घरापुढे मिळून एक ओटा होता, आणि पुढच्या मोकळ्या जागेत जाळ. दादा सेवादलातले, साने गुरुजींचं नाव काढलं की डोळे पुसणारे, पण जनता पक्षाच्या बाजूनं बोलू लागले की भलतेच तिखट. नाना डाळमिलमध्ये हिशेब लिहायचे आणि इंदिराबाईंच्या विरोधात देवानं जरी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. दोघांमध्ये पैज ठरलेली असे. हरेल त्यानं वांगी आणायची आणि जिंकेल त्यानं भाजायची. हा दुसरा भाग कोणी घातला कोण जाणे, पण त्यात अक्कल होती. जिंकणारा तासभर धुरात डोळे चोळत बसायचा, त्यामुळे त्याचा तोरा आपोआप ओला व्हायचा. १९७७ला नाना हरले होते, पण तो मार्च महिना. मार्चातल्या वांग्याला काय चव? त्यांनी शेवभाजीवर भागवलं. दादांनी ते पुढे तीन वर्षं ऐकवलं.

तर त्या रात्री ट्रान्झिस्टरवर आकडे येत होते. इंदिरा काँग्रेस शेवटी ३५३वर थांबली, जनता पक्षाला ३१ मिळाल्या. वांगी दादांनी आणली होती, पांढरट हिरवी, एकेक अर्ध्या किलोची. भाजून झाली होती आणि सगळे गोल बसून सोलत होते. गरम वांगं सोलायचं म्हणजे बोटं पाण्यात बुडवायची, सालीचं टोक धरायचं, ओढायचं, पुन्हा बोटं पाण्यात. देठ सोडायचा नाही.

नाना म्हणाले, "का हो मास्तर, तुमच्या पार्टीचं तेरावं कधी धरलंय?"

दादा म्हणाले, "नानाभो, एकोणीस महिने लोकांना आत टाकलं तेव्हा तुम्ही कुठं होते?"

हसत हसत सुरू झालं होतं ते एकदम पेटलं. दादांचा चुलतभाऊ आणीबाणीत नाशिकरोडच्या तुरुंगात होता. दादांनी त्याचं नाव घेतलं. नाना मोठ्यानं काहीतरी बोलले, दादांनी त्याहून मोठ्यानं. मग नाना उठले. आता जाणार, आणि हे घर आपल्याला बंद होणार, असं मला अगदी पोटातून वाटलं. नाना उभे राहिले, चेहरा लाल, पण उजव्या हातात देठाला धरलेलं अर्धं सोललेलं वांगं. ते खाली ठेवायला जागा नव्हती, कारण परात भरली होती. टाकून देणं शक्यच नव्हतं. डावा हात कोपरापर्यंत काळा. ते तसेच उभे राहून शिव्या देत होते आणि डाव्या हातानं साल ओढत होते. एक पट्टी. दुसरी पट्टी. तिसरीला वांगं संपलं. तोवर दादांनी परात पुढे सरकवली. नानांनी वांगं आत सोडलं आणि ते खाली बसले.

समेट वगैरे काही झाला नाही. कोणी माफी मागितली नाही. पुढच्या वांग्याला हात घातला, बस.

मग बडगी आली. आम्ही बडगी म्हणतो, नानांकडे तिलाच बडजी म्हणत, आणि यावरूनही दर हिवाळ्यात एक फेरी व्हायचीच. ती दोघांनी मिळून घेतली होती, निम्मे पैसे दादांचे आणि निम्मे नानांचे. एका ओंडक्यातून कोरलेली, चांगली जड. दिवाळीच्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ती एका घरी राहते आणि नंतर दुसऱ्या घरी जाते. त्यात वांगी ठेचायला दोघं लागतात: एक मुसळी चालवणारा, दुसरा बडगी धरणारा. ती धरली नाही तर सरकते. त्या रात्री दादा धरून बसले होते आणि नाना ठेचत होते.

इथे मला डोंगरीचा तुरुंग आठवतो, आणि तो वांग्याजवळ शोभत नाही हे कळूनही लिहितो. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस आत होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. दोघं एका खोलीत, आणि वाद इतके चढत की रात्री पहारेकऱ्यांनाही त्रास होई. तरी बाहेर आले ते मित्र म्हणूनच. पुढे १८८७ला आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८ला 'सुधारक' निघाला, आणि दोघांच्या हाती दोन वर्तमानपत्रं आली. तिथून जे एकमेकांना लिहिलं गेलं ते वाचवत नाही. मतं डोंगरीतही तीच होती. तिथे उठून जायला दार नव्हतं, एवढाच काय तो फरक. १८९५ला आगरकर गेले तेव्हा टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. शाळेत दादा हा भाग शिकवायचे आणि आवाज जड झाला की खडू शोधण्याचं निमित्त करायचे.

फैजपूरही आलंच पाहिजे. आमच्याकडे कुठल्याही विषयाला फैजपूर लागतं, जसं मिठाशिवाय चालत नाही. १९३६च्या डिसेंबरात खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन तिथे भरलं. नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोसांनी नगर सजवलं होतं. आजोबा तिथे पाणी भरायला होते, असं दादा सांगत. निवडणुका जिंकल्या तर मंत्रिपदं घ्यायची की नाही, यावर तिथे घोळ होता. नेहरूंना ती नको होती. शेवटी ठरलं की हे निवडणुकीनंतर बघू. नाना म्हणायचे, यालाच राजकारण म्हणतात. दादा म्हणायचे, यालाच पळवाट म्हणतात. मला आता वाटतं की ऐन डिसेंबरात, बामणोदच्या वांग्यांपासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या माणसांनी भांडण पुढे ढकललं यात नवल काय.

पण हे असं लिहिलं की सगळं जुनं गोड वाटायला लागतं, आणि ते गोड नव्हतं. ओट्यावर शिव्या होत्या. त्या ओट्यावर कोण बसायचं आणि कोण समोरून मान खाली घालून जायचं, हेही ठरलेलं होतं. १९९२च्या डिसेंबरात मेहरूणमधले ओटे रिकामे होते, एवढंच लिहितो. आणि बाया तर आतच. जिजी, म्हणजे माझी आई, पुऱ्या तळत असे आणि तिचा आवाज फक्त "पहिला घाणा निघाला" एवढाच बाहेर येई.

१९८४चं मात्र मला सांगू दे. त्या निवडणुकीच्या आधी इंदिराबाई गेल्या होत्या. डिसेंबरअखेर निकाल लागला, एवढं बहुमत कधी कोणाला मिळालं नव्हतं, आणि नाना जिंकले होते. दादांनी पैजेची वांगी आणून ठेवली. नाना ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "यंदा नको मास्तर." दादा काही बोलले नाहीत. त्यांनी एकट्यानं जाळ केला, एकट्यानं भाजली, म्हणजे नियम मोडून हरणाऱ्यानं भाजली. नाना बडगी धरून बसले. १९८९ला काँग्रेस १९७वर आली तेव्हा नाना हरले असं आमचं म्हणणं, आणि सगळ्यांत मोठा पक्ष आमचाच आहे मग हरलो कसे, असं त्यांचं. शेवटी वांगी निम्मी निम्मी आणली. त्या वर्षी कोणी भाजायचं यावर जो वाद झाला तो मला आजही सोडवता येत नाही.

आता जे लिहायचं आहे ते बरेच दिवस टाळत होतो.

२०१८च्या जूनमध्ये मुलं पळवणारी टोळी आली आहे असा संदेश सगळीकडे फिरत होता. सोबत कुठलासा व्हिडिओ. आमच्या ग्रुपवर तो कोणी टाकला? मी. नातवंडं खेळत होती म्हणून काळजीनं टाकला, खाली "सावध राहा" असं स्वतःचं जोडलं. नानांच्या धाकट्यानं लगेच लिहिलं होतं, "मोठ्या भो, कोणी पाहिलंय का खरं?" त्याचं मला तेव्हा हसू आलं. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आली होती. भिक्षा मागून जगणारी. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना ठार केलं. जळगावहून राईनपाडा लांब आहे, माझा संदेश तिथवर गेला नसेल. पण तो कुठे गेला हे मला ठाऊक नाही, आणि परत बोलावताही येत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात आणली. पुढे ती जगभर गेली. आज कुठल्याही देशात कोणी सहाव्या ठिकाणी काही पाठवायला गेला आणि अडला, तर त्यामागे आमच्या खानदेशातली ती पाच माणसंही आहेत. मी मात्र माझा तो संदेश काढून टाकला आणि विषय बदलला.

नानांच्या धाकट्यानं तेव्हा मला ग्रुपमधून काढा असं म्हटलं नाही. पुढे कधी ऐकवलंही नाही. २१ नोव्हेंबरच्या रात्री तर ऐकवायला उत्तम मोका होता. त्यानं दादांचं काढलं, राईनपाडा नाही काढला. हे मला त्या रात्री लक्षात आलं नाही. गच्चीवरच्या वासानंतर आलं.

ॲडमिनला कायदा काय म्हणतो, हेही मी निकालानंतर मुद्दाम शोधून वाचलं, स्वतःचं समाधान करायला. गोंदियातल्या एका ॲडमिनवर खटला होता, ग्रुपमधल्या एका सदस्यानं टाकलेल्या घाणेरड्या मजकुराबद्दल. २०२१ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की दुसऱ्याच्या संदेशासाठी ॲडमिन जबाबदार नाही. त्याच्या हाती माणूस घेणं आणि काढणं एवढंच मर्यादित काम आहे. वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझा गुन्हा नेमका त्या मर्यादित कामातलाच होता.

आणि ते "ग्रुपवर राजकीय पोस्ट टाकू नये" हे वाक्य. त्याच्यावर माझा जुना राग आहे. गटारीचा फोटो राजकीय नाही? नळाला दिवसाआड पाणी हे काय आकाशातून ठरतं? मेहरूणची बोरं म्हणजे एकेकाळी गावाची शान होती, त्या बोरींच्या जागी प्लॉट पडले, ते काय वाऱ्यानं पडले? राजकारण बंद केलं की शुभ सकाळ उरते, गुलाबाच्या फुलावर दवबिंदू. त्यापेक्षा नानांच्या शिव्या बऱ्या. २०२२पासून तर व्हॉट्सॲपनं अशी सोय केली की माणूस ग्रुप सोडून गेला तर फक्त ॲडमिनला सूचना जाते, बाकीच्यांना मुद्दाम शोधल्याशिवाय पत्ता लागत नाही. ओट्यावरून कोणी उठून गेला तर निदान त्याच्या चपला गेल्याचं दिसायचं.

जिजीचं राहिलं. त्या १९८०च्या रात्री भरीत खाताना नानांनी आत बघून हाक मारली होती, "वहिनी, तुम्ही कोणाला दिलं ते तरी सांगा. घरात एक तरी शहाणं मत पडलं का बघू." जिजी पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "वांग्याला." सगळे हसले. दादांना खात्री होती की तिचं मत त्यांच्याबरोबर जातं. नानांना खात्री होती की जात नाही. यावर ते दोघे दादा जाईपर्यंत भांडले. त्यानंतर नाना एकटेच अधूनमधून विचारत, आणि ती म्हणे, तुमच्या मास्तरांना नाही सांगितलं, तुम्हाला काय सांगू. नाना गेले. मग जिजीही गेली. शेवटच्या मतदानाला मीच तिला स्कूटरवर नेलं होतं. बोटावरची शाई बघत ती घरापर्यंत गप्प होती. ओट्याशी उतरल्यावर म्हणाली, "पोरा, ते दोघं भांडले म्हणून मला कोणी जबरदस्ती केली नाही. नाहीतर एकानं तरी मला सांगितलं असतं, कोणाला दे." हे ती उपकार म्हणून सांगत होती की टोमणा मारत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कोणी नीट विचारलंच नाही, असंही तिला म्हणायचं असेल. वहिनींनाही मी कुठं विचारलं होतं? त्यांच्या मतावर मी परस्पर किंमत लिहून मोकळा झालो.

ग्रुप आता उघडा केला आहे, सगळे लिहू शकतात. पंधरा दिवसांत तिघांनीच लिहिलं, तेही वाढदिवसाचं. नानांच्या धाकट्याला परत घेणं अंगठ्याचंच काम आहे. दोनदा नाव काढलं आणि थांबलो. परत घेतलं की सगळ्यांना दिसतं, आणि मग त्यानं काय करायचं? हात जोडलेलं चित्र टाकायचं?

आज सकाळी बाजारातून चार किलो वांगी आणली. बायको म्हणाली, दोघांना चार किलो? मग थोड्या वेळानं म्हणाली, मिक्सरमधून काढू का? मी नको म्हणालो. काड्या आहेत, पात आहे, लसूण सोलून झाला आहे. बडगी त्यांच्याकडे आहे. यंदाच्या पाडव्याला मीच ती उचलून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली होती.